मुक्कामाची गाडी

लग्न होऊन मी नांदेडला आले त्याला आता तीस वर्षं होत आली. या काळात आम्ही पुष्कळ गावं फिरलो आणि त्या प्रत्येक गावातलं एक तरी स्वयंपाकघर मला पाठ आहे. बाकी गाव कसं आहे ते विचारू नका. उदगीरला आम्ही खास किल्ला बघायला गेलो होतो, तर पुरुषमंडळी किल्ला चढून भुकेली होऊन येणार म्हणून मी नणंदेच्या ओट्यापाशी पुऱ्या लाटत राहिले. किल्ला कसा आहे ते मला त्यांच्या फोनमधल्या फोटोंवरून कळलं.

आमच्याकडची रीतच तशी आहे. ज्या गावात आपलं माणूस राहतं त्या गावात लॉजवर उतरायचं नाही. उतरलात तर त्या माणसाशी आपलं वाजलंय, असं सगळ्या भावकीला कळवल्यासारखं होतं. यांना एकदा ऑफिसच्या कामासाठी लातूरच्या विश्रामगृहात राहावं लागलं, तर तिथल्या मावशी पुढं कितीतरी दिवस फोनवर फक्त "हं" म्हणायच्या. आणि नांदेडपासून लातूरपर्यंत आमचं माणूस नाही असं गाव शोधायचं तर नकाशात भिंग घेऊन बसावं लागेल.

पाहुणी म्हणून गेलेल्या बाईचा कार्यक्रम ठरलेला असतो. पिशवी ठेवायची, हातपाय धुवायचे आणि आत जाऊन विचारायचं, "काय करू लागू?" घरची बाई "बसा हो निवांत" म्हणते आणि म्हणता म्हणता कोथिंबिरीची जुडी पुढं सरकवते. तिची काही चूक नसते. ती आमच्याकडं आली की मीसुद्धा तिच्यापुढं लसूण ठेवते. बाहेर पुरुष गादीवर मांडी घालून पाऊसपाण्यापासून दिल्लीपर्यंत सगळ्याचा निकाल लावतात आणि मधूनमधून चहाची हाक येते.

मला कुणाचा राग नव्हता. मला फक्त एक रात्र हवी होती. घराबाहेरची, जिथं मी कुणाची पाहुणी नाही आणि कुणी माझ्याकडं पाहुणं नाही. दाराला आतून कडी लावावी, झोपावं आणि मला जाग येईल तेव्हा सकाळ व्हावी. हे मी यांना वर्षानुवर्षं सांगत होते आणि हे दर वेळी "करू की" म्हणत होते. यांच्या "करू की"वर विसंबून राहिले असते तर मुलीचं बारसंसुद्धा अजून व्हायचं असतं.

हे पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. विष्णुपुरीच्या धरणावर निम्मी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातले नळ, पंखे, कुकरच्या शिट्ट्या सगळं दुरुस्त करून टाकलं. दुरुस्तीला आता घरात मीच तेवढी उरले होते. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळं दिवसभर तरी त्यांच्या तावडीतून सुटका होती. अशात पुण्याहून मुलीनं एक व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, "आई, हे बघ, तुझ्यासाठीच आहे."

व्हिडिओत एका जीपच्या मागं एक छोटीशी गाडी जोडलेली होती. पुढून गोल फुगलेली आणि मागं निमुळती होत गेलेली, अगदी करडईचं बी आडवं ठेवावं तशी. टिअरड्रॉप ट्रेलर म्हणतात तिला. आत उभंही राहता येत नाही. फक्त एक गादी, दोन माणसं झोपतील एवढी, दोन्ही बाजूंना एकेक दार आणि दाराला आतून कडी. डोंगरात कुठंतरी ती उभी होती आणि एक बाई दारातून पाय बाहेर सोडून नुसती बसली होती. कुणी तिला काही मागत नव्हतं. मी तो व्हिडिओ स्टाफरूममध्ये इतक्यांदा बघितला की शेजारच्या बाईंना वाटलं, माझं काही पार्सल यायचंय.

यांनी तो बघितला आणि ते चाकापाशी अडकले. स्प्रिंगचे पाटे किती, जमिनीपासून उंची किती, ओढायची दांडी केवढी, सगळं कागदावर आलं. "घ्यायची तर ऑफरोडच घ्यायची," ते म्हणाले. मी म्हटलं, "अहो, आपल्याकडं दुसरा रोड आहे कुठं?" तर ते मनापासून हसले आणि त्या हसण्यात मला पहिल्यांदा खात्री वाटली की हे काम होणार. माझी अट एकच होती. गाडी दोघांचीच पाहिजे. तिसऱ्या माणसाला जागा असली की तिसरा माणूस येतोच, आणि तो आला की मी पुन्हा पाहुणचाराला लागले.

लातूरला कृषी प्रदर्शन भरलं होतं आणि तिथं एका कंपनीनं असली गाडी मांडलीय असं यांना कळलं. रविवारी जाऊन गुपचूप बघून यायचं ठरलं. पण यांना गुपचूप काही करता येत नाही. शनिवारी संध्याकाळी यांनी अहमदपूरला थोरल्या भावाला फोन केला, "दादा, उद्या एक गाडी बघायला चाललोय." झालं. आमच्या घरात बैल, ट्रॅक्टर, विहिरीवरची मोटर, जावई, यातलं काहीही थोरल्या भाऊजींनी बघितल्याशिवाय घेतलेलं नाही. त्यात गैर असं काही नाही. त्यांनी निवडलेला एकही बैल बसका निघाला नाही आणि जावईही बरे निघाले.

अहमदपूरच्या स्टँडसमोर भाऊजी धोतर-टोपीत उभे होते आणि त्यांच्या मागं माझ्या थोरल्या जाऊबाई, अक्का, हातात दशम्यांचं गाठोडं आणि चहाचा थर्मास घेऊन. मी जन्मात अक्कांना रिकाम्या हातानं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. आमच्या जीपमध्ये बसल्या बसल्या त्यांनी सगळ्यांना दशमी आणि लसणाची चटणी वाटली. चाकूर येईपर्यंत चहासुद्धा झाला. भाऊजी पुढच्या सीटवरून गाडीबद्दल चौकशी करत होते आणि हे त्यांना स्प्रिंगचे पाटे समजावून सांगत होते. अक्का काहीच विचारत नव्हत्या.

प्रदर्शनात रोटाव्हेटर आणि फवारणी यंत्रांच्या मधे ती गाडी उभी होती. पांढरी, चकचकीत, एवढीशी. टाय लावलेला विक्रेता आम्हाला बघून लगबगीनं पुढं आला. भाऊजींनी त्याच्याकडं लक्षच दिलं नाही. त्यांनी आधी गाडीला एक पूर्ण फेरी मारली, मग टायरला पायानं दोनदा ढोसलं, खाली वाकून पाटे बघितले, दांडी हातानं उचलून तोलली. शेवटी टोपी काढून यांच्या हातात दिली आणि धोतरासकट आत जाऊन गादीवर आडवे झाले. विक्रेत्याला हे शिकवलेलं नव्हतं.

आतूनच त्यांनी विचारलं, "ह्याच्यात मान्सं किती निजतेत?"

"दोन, काका."

"आन् पाव्हनं आलं तर?"

विक्रेता माझ्याकडं बघायला लागला. मी दुसरीकडं बघितलं. मग त्याला वाटलं, बाईंना खूश करावं. तो मला गाडीच्या मागच्या बाजूला घेऊन गेला आणि एखादं बक्षीस उघडून दाखवावं तसं त्यानं मागचं झाकण वर उचललं. आत शेगडी होती, ओटा होता, मसाल्यांचे खण होते, छोटं बेसिनसुद्धा होतं. "मॅडम, हे खास तुमच्यासाठी," तो म्हणाला.

मला जे काही वाटलं ते सांगायचं तर, मला रडू यायचंच बाकी राहिलं होतं. म्हणजे घरातून निघून डोंगरात जायचं, आणि चूल चाकं लावून मागोमाग येणार. मी म्हटलं, "हे काढून मिळेल का?" त्याला वाटलं, धुवायला काढता येतं का असं मी विचारतेय. मी पुन्हा म्हटलं, "काढूनच टाका. मला स्वयंपाकघर नको." तो बिचारा गोंधळला. डिझाइन कंपनीचं आहे, मॅडम, आणि किचनशिवाय लेडीज तयारच होत नाहीत, असं म्हणाला. मी शाळेत वापरते ती नजर वापरली, तेव्हा तो गप्प झाला. तेवढ्यात यांनी किंमत विचारली. किंमत ऐकून भाऊजी गादीवरून उठून बाहेर आले, यांच्या हातातली टोपी घेऊन घातली आणि गेटकडं चालायला लागले.

मी वळून बघितलं तर अक्का गाडीच्या दारापाशीच होत्या. त्या कडीवरून बोट फिरवत होत्या. मला हळूच म्हणाल्या, "बाई, ही कडी आतूनबी लागती का?" मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि गाठोडं उचललं. मला वाटलं, बाई माणसानं रानात निजायचं म्हणजे कडी बघायलाच पाहिजे, म्हणून विचारलं असेल.

परतीच्या वाटेवर भाऊजींनी निकाल दिला. "उदगीरला आपला मिस्त्री हाय. ट्रॉल्या, टँकर करतोय, परवानाबी हाय त्याच्याकडं. सांगंल तशी गाडी करून दील. कंपनीचं काय घिऊन बसलाव?" यांना मोह झाला, कारण आता पाटे स्वतः निवडता येणार होते. मलाही बरं वाटलं, कारण मिस्त्रीला मागचा ओटा वगळायला सांगता येणार होता.

मिस्त्री उत्साही माणूस होता. त्यानं व्हिडिओ बघितला आणि म्हणाला, "फिकर नका करू म्याडम, संक्रांतीला घेऊन जावा." शेडच्या जमिनीवर त्यानं खडूनं गाडीचा आकार काढला, खरा, पूर्ण मापाचा. त्याची कामाची पद्धतच ती. जे बनवायचं ते आधी जमिनीवर निजलेलं दिसलं पाहिजे, म्हणजे गिऱ्हाईक नंतर भांडत नाही. मी त्या रेघेकडं बघत राहिले. एवढीच जागा मला हवी होती आणि ती आता डोळ्यांना दिसत होती.

आठवडा झाला असेल नसेल, मिस्त्रीचा यांना फोन आला. भाऊसाहेब येऊन गेले, त्यांनी सांगितल्याप्रमाणं लांबी वाढवलीय, पायाकडं तिसऱ्या माणसाची फळी टाकतोय, आणि मागं शेगडीचा ओटा लोखंडी करू का स्टीलचा? यांनी फोन ठेवला आणि माझ्या तोंडाकडं बघितलं.

"तुम्ही काय सांगितलं?" मी विचारलं.

"दादानं सांगितलंय म्हटल्यावर मी काय सांगणार?"

आता इथं यांची चूक काढण्यात अर्थ नव्हता. थोरल्या भावाचा शब्द मोडायचा नाही हे त्यांच्या हाडात आहे, आणि भाऊजींनीही जे केलं ते मायेनं केलं. दोघंच कुठं रानात जाणार, सोबत कुणी नको का, आणि तिथं उपाशी राहायचं का, असा साधा विचार त्यामागं होता. पण ती गाडी कुणासाठी चाललीय हे कुणी विचारलंच नव्हतं. त्या रागात मी दोन दिवस भाजीत मीठ कमी घातलं. हे निमूट जेवले, म्हणजे त्यांना कळलं होतं.

रविवारी मी उदगीरची एसटी धरली. हे म्हणाले, "ताईकडं उतरशील ना?" मी म्हटलं, "नाही." उदगीरला जायचं आणि नणंदेला कळवायचं नाही, हे मी आयुष्यात प्रथमच करत होते. स्टँडवर उतरल्यावर मी पदर जरा पुढंच ओढून घेतला आणि एका हॉटेलात कोपऱ्यात बसून गरम भजी खाल्ली. चोरी केल्यासारखं वाटत होतं आणि भजी फार छान लागली.

शेडमध्ये मिस्त्री आणि त्याचे दोन कारागीर होते. जमिनीवर खडूची लांबडी रेघ होती, आत तिसऱ्या माणसाची फळी, मागं ओट्याचा चौकोन. मी मिस्त्रीला म्हटलं, "एक ओलं फडकं द्या." त्यानं दिलं. मी पदर खोचून खाली बसले आणि ओटा पुसला, फळी पुसली, वाढवलेली लांबी पुसली. फळा पुसण्यात माझी हयात गेलीय, त्यामुळं काम लवकर झालं. मग पर्समधला खडू काढून नवी रेघ मारली.

"म्याडम, एवढ्यात माणूस मावणार नाही," मिस्त्री म्हणाला.

"मावतो का नाही ते आत्ताच बघू," मी म्हटलं आणि त्या रेघेच्या आत आडवी झाले. कारागीर अदबीनं पाठ फिरवून वेल्डिंगच्या मशीनकडं बघत उभे राहिले. खाली जमीन गार होती, वर पत्रा होता. पाय पूर्ण लांब केले तरी वीतभर जागा उरत होती. मी उठून साडी झटकली आणि मिस्त्रीला म्हटलं, "मी शाळेतल्या बायकांमध्ये सगळ्यात उंच आहे. आता ही रेघ कुणी पुसली तर मला फोन करायचा, दुसऱ्या कुणाला नाही."

पुढच्या आठवड्यात भाऊजी शेडमध्ये जाऊन आले. तिथूनच त्यांनी फोन केला. यांनी तो घाबरून स्पीकरवर टाकला.

"लाइन कुनी पुसली रं?"

यांनी फोन माझ्याकडं सरकवला. मीच म्हटलं, "मी पुसली, भाऊजी."

पलीकडं बराच वेळ फक्त वेल्डिंगचा आवाज येत होता. "मास्तरीनबाईनं फळा पुसला म्हना की," भाऊजी शेवटी म्हणाले. "मग तिसरा मानूस कुठं निजंल?"

"तिसरा माणूस घरी झोपेल."

"आन् खायाचं कसं?"

"विकत घेऊन."

मग "बरं" म्हणून त्यांनी फोन ठेवला. एवढ्या वर्षांत मी त्यांना उलट उत्तर दिल्याची ही पहिलीच वेळ आणि छत काही कोसळलं नाही. हे उठून स्वतः चहा करायला गेले. साखर कुठं आहे ते विचारायला पुन्हा बाहेर आले, ते सोडा.

संक्रांत गेली, शिवरात्र गेली, मिस्त्री "बस, रंग वाळायचाय" म्हणत राहिला. होळी झाल्यावर गाडी तयार झाली. हिरव्या रंगाची, उंच चाकांची, मागच्या खणात पाण्याचा कॅन, दोर आणि फावडं. शेगडी नाही. यांनी तिच्याखाली सरपटत जाऊन पाटे बघितले आणि बाहेर आले तेव्हा लहान पोरासारखे खूश दिसत होते. पूजेला भाऊजी आणि अक्का अहमदपूरहून आले होते. नारळ फुटला, चाकाखाली लिंबू ठेवलं, दांडीला हार बांधला. अक्का हळदीकुंकवाचं ताट घेऊन पुढं झाल्या. दाराला कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "आतबी लावते." चपला काढून त्या आत गेल्या आणि दार लागलं.

आम्ही बाहेर उभे होतो. मिस्त्रीनं पेढे वाटले. भाऊजींनी यांना गाडी वळवताना दांडी कशी सांभाळायची ते सांगितलं. अक्का बाहेर येईनात. भाऊजी म्हणाले, "काय करायलीय आत? चला म्हनावं, उन्हं तापायलीत." मी दाराशी गेले. कडी आतून लागलेली होती.

खिडकीतून बघितलं तर ताट बाजूला ठेवून अक्का गादीवर आडव्या झाल्या होत्या. हात पोटावर, डोळे उघडे. मी अर्ध्या उघड्या काचेवर बोट वाजवलं. त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "लई बरं वाटायलंय बाई. जरा राहू द्या मला."

मला एकदम भरून आलं. लातूरच्या प्रदर्शनात त्यांनी कडी कशासाठी विचारली होती ते तेव्हा कळलं. मी तीस वर्षं पाहुणी म्हणून पोळ्या लाटल्या, पण निदान मी शाळेत तरी जात होते. अक्कांच्या घरी पाहुण्याचा पाय कधी निघालाच नाही. चार दिरा-भावांची लग्नं, बाळंतपणं, अहमदपूरला बाजाराला आलेला प्रत्येक माणूस त्यांच्या हातचं जेवून गेला. त्याच वेळी मला रागही आला हे खरं सांगते, कारण माझी रात्र माझ्या डोळ्यांदेखत माझ्या हातून निसटायला लागली होती. मी पुरुषांकडं वळून म्हटलं, "आत पूजा चाललीय. थोडा वेळ लागेल." भाऊजींनी मान हलवली आणि आणखी एक पेढा घेतला.

नांदेडला परतताना मी यांना सांगितलं, "पहिली रात्र मी आणि अक्का."

गाडी मागं जोडलेली असल्यामुळं हे सावकाश चालवत होते, ते आणखी सावकाश चालवायला लागले. "आणि मी?"

"तुम्ही आम्हाला सोडायचं आणि भाऊजींकडं जायचं. तेही एकटेच असतील."

एवढे पाटे, एवढी दांडी, सगळं त्यांनी जिवाचं रान करून केलं होतं, आणि आता त्यांनाच गाडीबाहेर ठेवलं जात होतं. मला वाईट वाटलं. मग ते म्हणाले, "म्हणजे मी ड्रायव्हर." मी म्हटलं, "हो. पण ऑफरोडचे." त्यावर ते हसले आणि विषय मिटला.

जायचं कुठं, हा प्रश्न होताच. ज्या गावाला जावं तिथं कुणीतरी आपलं होतं आणि ते रुसणार होतं. शेवटी अक्कांनीच तोड काढली. भाऊजींच्या शेतात, गावाच्या वरच्या अंगाला माळ आहे, तिथं मुक्काम करायचा. स्वतःच्याच रानात राहिलं तर कोण कशाला रुसेल? पाणंदीचा रस्ता असा की बैलगाडीसुद्धा विचार करून जाते. यांना आनंदच झाला. शनिवारी शाळा सुटल्यावर निघालो, अहमदपूरच्या स्टँडवरून भजी, कचोरी आणि केळी बांधून घेतली. घरी जेवण करून ठेवायचं नाही असं मी अक्कांना बजावून सांगितलं होतं. त्यांनी ठेवलं नव्हतं, पण जीपमध्ये बसल्यावर दोनदा म्हणाल्या, "निदान पिठलं तरी टाकून आले असते." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

माळावर गाडी उभी करून, जीप तिच्यापासून सोडवून हे निघून गेले. ज्वारी निघाली होती, रानात फक्त धसकटं आणि बांधाला कडब्याची गंजी होती. पळसाला नुकती फुलं येऊन गेली होती. आम्ही दोघी दारातून पाय बाहेर सोडून बसलो आणि कागदातली भजी खाल्ली. अक्का रानाकडं बघत होत्या. "ह्या रानात खुरपलं, येचलं, काडलं," त्या म्हणाल्या, "पन बसून कदी बघितलंच न्हाई." खाली वस्तीवर त्यांच्या घराचा पत्रा मावळतीच्या उन्हात चमकत होता. एवढ्या जवळ होतं सगळं. झोपायच्या आधी त्यांनी दोनदा विचारलं, सकाळी किती वाजता उठायचं. मी म्हटलं, उठायचंच नाही. त्यांनी तोंडाला पदर लावून हसून घेतलं.

सकाळी फोनच्या आवाजानं जाग आली. अक्कांचा फोन होता. भाऊजींचा आवाज मलाही स्वच्छ ऐकू येत होता, कारण ते फोनवर नेहमी शेतात हाक मारल्यासारखं बोलतात.

"चहापत्ती कुठं ठिवलीस?"

अक्का उठून बसल्या. त्यांचा हात सवयीनं पदराकडं, मग चपलांकडं गेला. खिडकीतून घराचा पत्रा दिसत होता, पाच मिनिटांत चालत जाता आलं असतं. अक्कांनी तिकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि फोनमध्ये म्हणाल्या,

"आमी परगावी आलाव. फोन ठिवा."

मग त्यांनी फोन उशाखाली सारला, चादर ओढली आणि कूस बदलली. थोड्या वेळानं त्यांचा श्वास संथ झाला. मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हापासून अक्कांना ऊन वर आल्यावर झोपलेलं मी प्रथमच बघत होते.